आकसण्याचा हिशेब

कसबा बावड्यात पंचगंगा परड्यात येते
ती थकबाकी वसुलीला आल्यासारखी.
यंदा तरण्या पावसात आली, म्हाताऱ्यात बसून राहिली,
धुण्याच्या दगडावर, पाय पसरून,
आणि माझा जूनचा दोडका, घोसाळी, दोन वाफे वरणा
मुळांसकट कुजवून
गणपतीच्या तोंडावर गेली.
मागे वास. ओल्या पोत्याचा.

लक्ष्मीपुरीत बियांच्या दुकानात
शिंत्रे म्हणाला, "आत्ता? दोडका?
काका, लोक आता मेथी टाकत्यात."
मेथीही दे, म्हटलं.
पण दोडक्याची दोन पाकिटं दे.

चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले, सागवानी.
ओतलेलं बीड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड मुद्दाम मोठं ठेवायचं,
फुटाला एक सूत.
आमच्या पट्टीवरचा फूट
जगाच्या फुटापेक्षा तेवढा लांब.
ती पट्टी अजून आहे माझ्याकडे.
तिनं मी वेल मोजतो.

घटस्थापनेला मालननं पत्रावळीवर माती घेतली,
सात धान्यं टाकली,
नऊ दिवसांत वीतभर पिवळं रान उभं.
माझ्या दुधाच्या पिशव्यांत तेव्हा दोन दोन पानं.
"देवीला सांगू का तुमच्या दोडक्याचं?"
तिच्याकडे ऊब आहे, म्हटलं, कोपरा आहे, समई आहे.
माझ्याकडे नुसती हस्ताची झड.

दिवाळी झाली.
मुजावर भाभींची वांगी दोनदा तोडून झाली.
कुंपणावरून रोज विचारतात,
"लागला का?"
जणू माझा निकाल लागायचा आहे.
वेल सायकलच्या जुन्या रिमवर चढला,
नरफुलांचे घोस, पिवळेजर्द,
तालमीच्या कट्ट्यावरच्या पोरांसारखे
नुसते बसलेले.

मग कारखान्याचं धुराडं सुरू.
मळीचा वास, पहाटे पानापानावर काजळी.
मी ओल्या फडक्यानं पानं पुसतो.
"नाकं पुसत बसलेत, सकाळपासनं,"
मालन फोनवर कुणाला तरी सांगते.

मार्गशीर्ष सरता सरता, एका संध्याकाळी
(दोडका संध्याकाळी फुलतो, हे मला साठीनंतर कळलं)
एक फूल आलं,
खाली बारीक शिरांची काडी घेऊन.
थंडीनं पाखरू नाही, माशी नाही.
पॅटर्नला शेलॅक लावायचा ब्रश शोधला,
सगळ्यात बारीक, दोनदा धुतला,
आणि नरफुलातली पिवळी पूड
हात न थरथरता त्या फुलात टेकवली.
मोबाईलचा उजेड मालननं धरला होता.
"हसू नकोस," मी म्हणालो.
ती हसत नव्हती.

नंतर रोज पट्टी.
चार दिवसांत दोन इंच.
मग गारठा, तीन दिवस एक सूतही नाही.
बुडाशी उसाचा पाला घातला,
रात्री मांडवावर पोतं पांघरलं,
आणि तिथंच उभा राहिलो थोडा वेळ, मफलर घालून.
किती उशीर धरून चालायचं
हे कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

भोगीच्या सकाळी साडेसात इंच.
कोयत्यासारखा वाकडा.
बियाला ठेवू, मी म्हणालो,
एवढ्या गारठ्यात धरलेलं बी...
तोवर तो विळीवर होता.

भोगीच्या भाजीत दोडका कोण घालतं?
तिनं घातला.
वांग्यात, पावट्यात, ओल्या हरभऱ्यात, तिळाच्या कुटात
तो कुठं गेला, सापडला नाही.
शिरा तेवढ्या वेगळ्या काढून चटणी केली,
वाटीभर कुंपणावरून दिली.
मुजावर भाभींनी बोटानं चाखली.
"लागला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

वेलावर अजून एक काडी आहे, करंगळीएवढी.
आज संध्याकाळी पट्टी घेऊन गेलो होतो.
पानं फार काळी झाली होती,
ती पुसता पुसता अंधार पडला.